मदत हवी: एकाच दिवशी तीनदा पोटॅशियम, मॉडिफायर ९१ लावू की ५९?

नमस्कार मंडळी,
पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं लॅब कोडिंग (बिलासाठी प्रत्येक टेस्टला कोड देणं) करते, सहा महिने झालेत. एक क्लेम (विमा कंपनीला पाठवलेलं बिल) सीओ १८ म्हणजे डुप्लिकेट ठरवून परत आलाय.

पेशंट इमर्जन्सीत, अ‍ॅडमिट नाही. सकाळी ७ ला बेसिक मेटाबोलिक पॅनल (पोटॅशियमसह काही रक्तचाचण्यांचा संच), कोड ८००४८. त्यात पोटॅशियम ६.४, लगेच उपचार सुरू. १० ला पुन्हा रक्त घेतलं, पण सॅम्पल हिमोलाइज झालं (तांबड्या पेशी फुटल्या), म्हणून अर्ध्या तासाने परत काढलं: ५.६. दुपारी २ ला ५.०. क्लेममध्ये पॅनल आणि खाली ८४१३२ (सुटं पोटॅशियम) च्या तीन ओळी गेल्या, मॉडिफायर (कोडला जोडायचा दोन अंकी खुलासा) एकीलाही नाही.

टीम लीड म्हणतात, "तिन्हींना ५९ लाव, पास होतं." ५९ म्हणजे वेगळी, स्वतंत्र सेवा; मन घेत नाही. मला ९१, म्हणजे त्याच दिवशी पुन्हा केलेली लॅब टेस्ट, वाटतो. पण पहिलं पोटॅशियम पॅनलमधलं होतं, मग नंतरची सुटी टेस्ट रिपीट धरायची का? शिवाय दोन्ही हातांतून घेतलेलं ब्लड कल्चरही (रक्तात जंतू आहेत का ही टेस्ट) आहे, ८७०४० दोनदा.

प्रतिसाद १
ताई, तुमचं बरोबर आहे. पॅनलमधली एखादी टेस्ट त्याच दिवशी उपचारासाठी पुन्हा लागली, तर त्या सुट्या कोडला ९१ लावायचा, एनसीसीआयच्या (अमेरिकेतल्या मेडिकेअरचे कोडिंगचे नियम) नियमावलीतच आहे. उपचारानंतर पोटॅशियम उतरतंय का हे बघायचं होतं, म्हणजे १०:३० आणि २ चं दोन्ही खरे रिपीट. कल्चरची गोष्ट वेगळी: तिथे रक्ताची जागा वेगळी, म्हणून दुसऱ्या ओळीला ५९.
१० वाजताची ओळ मात्र काढाच. सॅम्पल किंवा मशीनच्या अडचणीमुळे पुन्हा केलेल्या टेस्टला ९१ चालत नाही.

प्रतिसाद २
मी लॅब टेक्निशियन, नाशिक. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं आणि आकडा खोटाच चढतो. त्या आकड्यावर डॉक्टर उपचार करू शकत नाहीत. मग पेशंटकडून त्याचे पैसे कसे घ्यायचे?

प्रश्नकर्ती
खूप आभार दोघांचे. रिपोर्ट पुन्हा उघडला, १० च्या निकालावर लॅबने 'हिमोलाइज्ड' अशी नोंद केलीच आहे. मीच नुसत्या वेळा मोजल्या होत्या. पण लीडना कसं सांगू? ते ऐकतील असं वाटत नाही.

प्रतिसाद १
त्यांच्यासमोर डॉक्टरांच्या ऑर्डरी आणि सॅम्पल घेतल्याच्या वेळा ठेवा. ऑडिटमध्येही हेच मागतात आणि ५९ वर तर त्यांची खास नजर असते, कारण त्याने एडिट (दोन कोड एकत्र आले की क्लेम अडवणारी आपोआप तपासणी) उघडतं, म्हणजे क्लेम पुढे जातो. एडिट उघडलं म्हणून पैसे आपले होत नाहीत, उद्या परत करावे लागतात.
आणि हो, नवा क्लेम म्हणून पाठवू नका, पुन्हा डुप्लिकेटमध्ये अडकेल. फ्रीक्वेन्सी कोड ७ (आधीच्या क्लेमच्या जागी दुरुस्त क्लेम) टाका आणि पेयरने (विमा कंपनीने) दिलेला मूळ क्लेम नंबर जोडा.