मैल नव्हे, बिल
'जो जास्त उडतो त्याला विमान कंपनी डोक्यावर घेते' असं म्हणतात, ते आता अर्धंच खरं आहे. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने 2024 पासून नेहमीच्या प्रवाशांचा दर्जा ठरवताना मैल आणि फेऱ्या मोजणं बंदच केलं. दर्जा ठरतो फक्त खर्चावर. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी सर्वात वरच्या डायमंड पायरीसाठी वर्षाला 35,000 डॉलरची अट जाहीर केली, तेव्हा जुने प्रवासी इतके खवळले की पुढच्याच महिन्यात ती 28,000 वर आणावी लागली. त्यातही गंमत म्हणजे त्यांच्या काही क्रेडिट कार्डांवरचा किराणासुद्धा यात थोडाफार धरला जातो. म्हणजे विमानात पाय न ठेवताही मानकरी होण्याच्या दिशेने सरकता येतं! आणि स्वस्तातलं तिकीट काढून महिन्यातून चार वेळा उडणारा बिचारा रांगेतच.