कपड्यांचं बंड आणि फुकटचा गेम: एकाच माळेचे मणी?

पाणचक्की

गेल्या रविवारी भाच्याशी वाजलं. पोरगा अठरा वर्षांचा. केस जांभळे, गळ्यात साखळ्या, तोक्योतल्या हाराजुकू भागातल्या पोरांचे फोटो बघून बघून कपडे स्वतः शिवतो (म्हणजे आजीकडून शिवून घेतो). इथवर माझी काहीच तक्रार नाही. पण पैसे देऊन घ्यायचे गेम तो इंटरनेटवरून फुकट उतरवतो आणि वर अख्ख्या मित्रमंडळात वाटतो. मी टोकलं तर म्हणाला, "मावशी, दोन्ही एकच. मोठ्यांनी घातलेली कुंपणं मोडायची." तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे काडी टाकते.

माझं मत: एक नाही. जपानी पोरांचं कपड्यांचं बंड घ्या. १९६४ च्या सप्टेंबरात, ऑलिंपिक तोंडावर आलं असताना, तोक्योतल्या गिन्झा भागात मियुकी रस्त्यावर घुटमळणाऱ्या पोरांना पोलिसांनी उचललं. गुन्हा काय, तर आखूड विजारी, कॉलरला बटणं असलेले अमेरिकन धाटणीचे शर्ट आणि काखेत मोठी कागदी पिशवी. पाहुणे येणार, शोभा नको! सत्तरच्या दशकात 'सुकेबान' म्हणवल्या जाणाऱ्या वांड शाळकरी मुलींनी उलटा डाव टाकला. बाहेर मिनीस्कर्टची लाट, तर यांचे गणवेशाचे स्कर्ट घोट्यापर्यंत. त्या काळच्या वांड पोरापोरींची दप्तरंही बघण्यासारखी. कडक चामड्याचं दप्तर गरम पाण्यात भिजवायचं, वजनाखाली दाबून पापडासारखं चपटं करायचं, म्हणजे आत पुस्तक नाही हे लांबूनच दिसावं. मग १९८० च्या आसपास हाराजुकूत रविवारी वाहनांना बंद असलेल्या रस्त्यावर 'ताकेनोको'वाले. चकचकीत, ढगळ, भडक रंगांचे कपडे घालून, गोल करून नाचणारे. आणि नव्वदीच्या शेवटी तोक्योतल्याच शिबुयात 'यामाम्बा' पोरी. यामाम्बा म्हणजे लोककथेतली डोंगरातली हडळ. भाजून काळसर केलेली कातडी, पांढरे ओठ, डोळ्यांभोवती पांढरा रंग. गोरी, नाजूक, गप्प मुलगी हवी असणाऱ्यांच्या तोंडावर मारलेली चपराकच.

या सगळ्यांत बंड करणारा दिसतो. रस्त्यावर स्वतःचं तोंड घेऊन उभा राहतो, शिव्या खातो, शाळेतून घरी पाठवला जातो. गेम वाटणारा मात्र टोपणनावाआड बसलेला असतो. बंड करायचं तर तोंड दाखवून करा की!

जुना_खेळाडू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एक आठवण टाकून जातो. आमच्या पिढीला मारिओ भेटला तोच चोरट्या कार्ट्रिजमधून. '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं, आत निघायचे वीस-बावीस गेम. तेच गेम वेगळ्या नावांनी परत परत. जत्रेतल्या दुकानातून वडिलांनी घेऊन दिलं होतं. ते काय बंड करत होते? त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, हेच खरं.

शंकासुर

ताई, धागा झकास, पण "तोंड दाखवून करा" हे काही पटलं नाही. यामाम्बाचा तो रंग म्हणजे मुखवटाच की. आई समोरून गेली तरी ओळखणार नाही! आणि 'बोसोझोकू' मोटरसायकल टोळ्या? 'तोक्कोफुकु' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघातकी पथकांच्या नावावरून आलेला लांब अंगरखा, त्यावर पाठभर भरतकाम, आणि तोंडाला मास्क. १९८२ साली पोलिसांच्या मोजणीत असे ४२ हजारांच्या वर होते. झुंडीत लपणं हे बंडात पहिल्यापासून आहे.

आता उलट बाजू बघा. जपानात फुकट वाटपाचं सगळ्यांत गाजलेलं साधन म्हणजे 'विन्नी' हा संगणकाचा प्रोग्रॅम. त्याआधी 'विन-एमएक्स' नावाचं तसंच दुसरं साधन होतं, त्यातल्या एम आणि एक्स या दोन अक्षरांच्या पुढची दोन घेतली, एन आणि वाय, झालं नाव. ते बनवणारे इसामू कानेको, तोक्यो विद्यापीठात संशोधन सहायक. इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या ४७ व्या नोंदीत त्यांनी असं काही बनवतो म्हणून सांगितलं, म्हणून लोक त्यांना नुसतं 'सत्तेचाळीस' म्हणायचे. मे २००२ मध्ये प्रोग्रॅम आला. फाइल कुलूपबंद होऊन इतरांच्या संगणकांवरून फिरते, त्यामुळे मूळ कोणाची हे शोधणं अवघड.

नोव्हेंबर २००३ मध्ये क्योतो पोलिसांनी दोघांना धरलं. त्यातला एक १९ वर्षांचा मुलगा, मारिओचा गेम वाटल्याबद्दल. तुमच्या भाच्याहून एकाच वर्षाने मोठा. आणि मे २००४ मध्ये खुद्द कानेकोंना अटक, वय ३३. गेम त्यांनी वाटलाच नव्हता, फक्त रस्ता बांधला होता. २००६ मध्ये दोषी, दंड १५ लाख येन. त्यांनी तो भरून मोकळं व्हायचं नाकारलं आणि लढले. २००९ मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं, डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. जुलै २०१३ मध्ये गेले, वय ४२. साडेसात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला 'तोंड लपवणारा' कसं म्हणणार?

अवांतर: अटकेच्या दोनच महिने आधी क्योतो पोलिसांच्याच तपासाची कागदपत्रं विन्नीवरून जगभर फुटली होती. हसावं की रडावं.

पिक्सेलराव

शंकासुर, कानेकोंबद्दल आदर आहे, पण तुम्ही पाटी बदलताय. रस्ता बांधणारा सुटला, ठीकच झालं. प्रश्न त्या रस्त्यावरून दुसऱ्याचा माल नेणाऱ्याचा आहे.

मी गेम बनवून पोट भरतो, म्हणून जरा चिडून लिहितोय, समजून घ्या. पुण्यात आम्ही पाच जण होतो. दीड वर्ष खपून एक छोटा गेम काढला. पार्श्वभूमीतला पाऊस नीट पडेना म्हणून मी तीन आठवडे फक्त थेंब काढत होतो. किंमत ठेवली ५५ रुपये. वडापाव-चहा. चौथ्या दिवशी फुकटची प्रत फिरायला लागली, कुलूप काढून, वर "दादांनो एन्जॉय करा" असा संदेश लावून. आमच्याकडे खेळाडूंच्या गुणांची यादी यायची, तिच्यात नावं हजारोंनी, विक्री त्याच्या पासंगालाही नाही. आणि तक्रारी कोण करत होतं? फुकटवाले! "लेव्हल सातला अडकतंय, कधी दुरुस्त करणार?"

कपड्यांच्या बंडात खिसा स्वतःचा फाटतो. ताकेनोकोवाल्या पोरीने कापड विकत आणलं, रात्र रात्र शिवलं. यात खिसा दुसऱ्याचा. जपानातही हे कळायला वेळ लागला. निन्तेन्दो कंपनीच्या डीएस या हातातल्या गेमयंत्रात घालायची, चोरटे गेम चालवणारी 'मॅजिकॉन' कार्डं तोक्योतल्या आकिहाबारात राजरोस विकली जायची. शेवटी निन्तेन्दो आणि ५४ गेम कंपन्यांनी मिळून २००८ मध्ये दावा ठोकला, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तोक्योच्या न्यायालयाने ती कार्डं आणणं-विकणं बंद केलं. त्या ५४ मध्ये सगळेच काही हत्ती नव्हते.

कुंपणावरचा_सरडा

५५ रुपयांत वडापाव-चहा? कुठल्या हॉटेलात बसता राव? (हलकं घ्या.)

तोक्योताई

मी तोक्योतल्या एदोगावात राहते, बारा वर्षं झाली. धाग्यात एक मोठी गोष्ट राहून जातेय, ती म्हणजे कपडे आणि गेम यांना कायदाच सारखा वागवत नाही.

इथे नवा कपडा विक्रीला आला की त्याची हुबेहूब नक्कल करून विकायला बंदी आहे, पण ३ वर्षं. त्यानंतर त्या धाटणीला सहसा कोणी वाली नाही. आणि हुबेहूब न करता 'त्यावरून सुचलेलं' तर पहिल्या दिवसापासून चालतं. हाराजुकू असो की शिबुया, एकीने केलं की आठवड्यात दहाजणी करणार, महिन्यात दुकानात लटकणार. नक्कल हाच त्या बंडाचा श्वास. गेमला मात्र कंपनीच्या नावावर असेल तर प्रसिद्धीपासून ७० वर्षं. पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा, म्हणजे २०५५ संपेपर्यंत. भाचा तेव्हा पन्नाशीच्या घरात असेल.

दुसरं, इथल्या कोर्टांनी गेमला कायद्याने चक्क सिनेमाच्या रांगेत बसवलंय. सिनेमाच्या प्रतींच्या वाटपावर निर्मात्याचा खास हक्क असतो. त्या जोरावर मोठ्या कंपन्यांनी जुने गेम विकणाऱ्या दुकानांना कोर्टात खेचलं होतं. एप्रिल २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा प्रत विकलीत, तुमचा त्या प्रतीवरचा हक्क संपला. म्हणून आज माझी मुलगी शनिवारी जुन्या मालाच्या दुकानात जाते आणि एकाच पिशवीत कोणाचं तरी उतरलेलं जॅकेट आणि कोणाचा तरी खेळून झालेला गेम घेऊन येते. मागच्या वेळी गेममध्ये आधीच्या मुलाने साठवलेला खेळ तसाच होता, नायकाचं नाव 'बाबा'. तिने तो पुसला नाही. पैसे निर्मात्याला एक येनही गेले नाहीत आणि कोणी तिला चोर म्हणत नाही.

पिक्सेलराव, तुमची चीड समजते. पण वाटणं आणि चोरणं यांच्यातली रेघ जितकी ठळक दाखवताय तितकी ती नाही.

पिक्सेलराव

आहे ताई, ठळकच आहे. जुनं जॅकेट विकलं की माझ्याकडून गेलं. गेमची प्रत 'वाटली' की माझ्याकडेही राहिली आणि हजार जणांकडेही गेली. 'बाबा'वाल्या मुलाने आपला गेम दिला आणि तो त्याच्याकडे उरला नाही, म्हणून ते देणं. उरलं असतं तर ते छापणं.

शंकासुर

हा मुद्दा बिनतोड, मान्य. पण कायद्यालाही बघा किती उशिरा कळलं. जपानात परवानगीशिवाय इंटरनेटवर चढवणं आधीपासून गुन्हा. पण घरात स्वतःपुरतं उतरवून घेणं? गाणी आणि चित्रफितींसाठी ते २०१० पासून बेकायदा, आणि गेमसकट बाकी सगळ्यासाठी थेट जानेवारी २०२१ पासून. तोवर देणारा चोर आणि घेणारा साव! आपल्या भाच्यासारखे दोन्ही करणारे अर्धे चोर, अर्धे साव.

पाणचक्की

अर्धा चोर! हे त्याला आजच सांगते.

थोडी मागे येते. तोंड लपवण्याचा माझा मुद्दा शंकासुरांनी बोसोझोकू आणून पातळ केला, हे कबूल. तरी कानेकोंचं बंड आणि त्यांचा प्रोग्रॅम वापरून मारिओ वाटणाऱ्याचं बंड एक नाही, यावर ठाम आहे. एकाने काहीतरी नवीन घडवलं. दुसऱ्याने फक्त बटण दाबलं. कपड्यांच्या बाजूला मी उभी आहे ती त्यामुळेच, तिथे घडवावं लागतं. निदान आजीची मनधरणी तरी करावी लागते.

आणि तोक्योताई, शाळांचं काय? ओसाकाकडच्या त्या मुलीबद्दल वाचलं होतं.

तोक्योताई

हो, सरकारी शाळा होती. मुलीचं म्हणणं, केस जन्मतःच तपकिरी. शाळा काळे करायला लावायची, पुन्हा पुन्हा. टाळू सोलवटली. तिने २०१७ मध्ये दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल आला: तिचं नाव हजेरीतून आणि तिचं बाक वर्गातून काढून टाकलं हे चूक, ३ लाख ३० हजार येन भरपाई. पण केसांचा नियम मात्र कायदेशीर! पुढे एप्रिल २०२२ पासून तोक्योच्या सरकारी शाळांनी केसांच्या रंगाचे असले नियम काढले. माझ्या मुलीच्या वर्गात तरीही सगळ्यांचे केस काळेच आहेत. नियम गेला, नजर गेली नाही.

म्हणून मला 'बंडाची किंमत स्वतः मोजली' हे फारच हळवं वाटतं. त्या मुलीने बंड केलंच नव्हतं. ती तशीच जन्मली होती, आणि किंमत तरीही मोजली.

कुंपणावरचा_सरडा

धाग्याचं काश्मीर (न संपणारं भांडण) होण्याआधी एक साधा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये निन्तेन्दोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. नुसते डिजिटल निघालेले कितीतरी गेम आता पैसे टाकूनही मिळत नाहीत. मी पैसे द्यायला तयार आहे, पाकीट हातात आहे, घ्यायला कोणी नाही. मग मी उतरवला तर खिसा कोणाचा फाटला?

पिक्सेलराव

कंपनी उद्या परत काढेल की. जुने गेम दर दोन-चार वर्षांनी नव्या यंत्रावर येतात. तुम्ही आज फुकट घेतला तर उद्याचं गिऱ्हाईक गेलं.

कुंपणावरचा_सरडा

मोठ्यांचे येतात. लहानांचे? बरं, कंपन्या राहू देत. तुमचा तो पावसाचा गेम द्या ना. ५५ रुपये आत्ता देतो. पाऊस बघायचाय. कुठे मिळेल?

पाणचक्की

मलाही एक. भाच्याच्या नावाने घेते, पैसे त्याच्याकडून वसूल करते.

पिक्सेलराव

नाही मिळणार. आमची कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. नंतर फोनवरच्या ऑनलाइन दुकानाचे नियम बदलले, जुन्या बांधणीचे गेम नव्या फोनवर चालेनासे झाले. गेम बदलायला कोणी नव्हतं, तो यादीतून गेला. मूळ फाइल्स ज्या हार्ड डिस्कवर होत्या ती आमच्यातल्या एकाकडे होती. ती गेली.

जुना_खेळाडू

म्हणजे आता कुठेच नाही?

पिक्सेलराव

आहे. तीच "दादांनो एन्जॉय करा"वाली प्रत. गेल्या दिवाळीत मुलाला दाखवायला मीच उतरवली. जुन्या फोनवर चालते. लेव्हल सातला अजून अडकते.