हरणाच्या शिकारीसाठी बाणाचे टोक कोणते घ्यावे?

प्रश्न: मी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि यंदा प्रथमच परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. माझ्या कंपाउंड (कप्प्यांच्या) धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी ताणायला लागणारा जोर, 45 पौंड आहे. स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचे धारदार पात्यांचे टोक) घ्यावे की लागताच पाती उघडणारे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर: एवढ्या ओढीला स्थिर पात्यांचेच घ्यावे, कारण पाती उघडण्यात बाणाचा काही जोर खर्ची पडतो आणि तो आरपार जाईलच याची खात्री उरत नाही. आरपार गेलेल्या बाणामुळे रक्ताचा माग ठळक मिळतो, जखमी जनावर हातचे जात नाही. येथील नियमानुसार रुंदी किमान 7/8 इंच हवी.

दुसरे उत्तर: सहमत आहे, मात्र स्थिर पाती हवेत पंखासारखी वागतात, त्यामुळे धनुष्य नीट जुळवलेले नसेल तर बाण भरकटतो. सरावाची टोके 100 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक, 100 ग्रेन म्हणजे सुमारे 6.5 ग्रॅम) असतील तर ब्रॉडहेडही तेवढ्याच वजनाचे घ्या आणि हंगामापूर्वी त्यानेच नेम तपासा. सरावात वापरलेले पाते ताणलेल्या रबरबँडला हलकेच टेकवून पाहा. न दाबता तो तुटला, तरच ते भात्यात ठेवा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. स्थिर पात्यांचे, 100 ग्रेनचेच मागवतो.