भूकंपातील अपराधीपणापायी वडील गोळ्या घेत नाहीत

प्रश्न (औसा):
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचे अण्णा गणपती विसर्जनानंतर पारावरच झोपले होते म्हणून वाचले, पण घरात झोपलेला त्यांचा धाकटा भाऊ माळवदाखाली (मातीच्या सपाट छताखाली) गेला. त्या पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून माळवदावर मातीचा नवा थर अण्णांनीच टाकला होता आणि त्याच वजनाने भाऊ गेला, असे ते आजही मानतात. त्यांना रक्तदाब व मधुमेह आहे, परंतु गोळ्या डब्यात तशाच राहतात. "विसरा आता" असे सांगून आम्ही थकलो. हा सल निघाला तर तब्येत सुधारेल का?

उत्तर (लातूर):
मी समुपदेशनाचे काम करतो. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल व ॲड्रिनॅलिन ही संप्रेरके वाढून साखर आणि रक्तदाब चढतो हे खरे असले, तरी इथे मोठे कारण औषध न घेणे हेच दिसते, आणि ती शिक्षा ते स्वतःला देत असावेत. 'माझ्या हातून चूक झाली' ही अपराधी भावना. 'मी जगायच्या लायकीचाच नाही' ही शरम. पहिलीविषयी बोलता येते, दुसरी माणसाला गप्प करते. "विसरा" म्हटले की ते अधिकच गप्प होतील. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. आधी तुम्ही स्वतः तिथे बोलून पाहा.

उत्तर (उमरगा):
ताई, मी गवंडीकाम केले आहे आणि ती पहाटही पाहिली आहे. माळवदावरची माती एका वर्षाची नसते; आजा-पणजापासूनचे थर तिथे साचलेले असतात, आणि खाली दगड-मातीत रचलेल्या, सिमेंटचा कण नसलेल्या जाड भिंती. आदल्या वर्षी किल्लारीला हादरे बसले होते, तरीही भूकंपाच्या अधिकृत नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो बदलला २००२ मध्ये. हे अण्णांना सांगा, पण लगेच नको. आधी चुलत्यांविषयी विचारा, भूकंपाविषयी नव्हे.

प्रश्नकर्ती:
काल विचारले. चुलते लेझीम कसे खेळत, हे अण्णा तासभर सांगत होते. गोळीचा विषय मी मुद्दामच काढला नाही.