हसणं म्हणजे पळ काढणं? अर्धंच पटलं

'संकटात विनोद करणारा माणूस दुःखापासून पळत असतो', असं एकांनी लिहिलंय. मला ते अर्धंच पटलं.

सोलापुरात आमच्या पूर्व भागात आई घरी बिड्या वळायची. हजार बिड्या म्हणजे अख्खा दिवस मान खाली. माल द्यायला गेलं की तपासणारा त्यातल्या काही बाजूला फेकायचा. त्यांचे पैसे नाहीत. परतताना शेजारची मावशी म्हणायची, "बिड्या नापास, पोरगा बी नापास. घरात एक तरी पास होऊ दे की गं!" आई भर रस्त्यात थांबून तोंडाला पदर लावून हसायची. (मी सातवीत खरंच गचकलो होतो, त्यामुळं मला काही हसू यायचं नाही.) पैसे बुडाले ते बुडालेच. पण दुसऱ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन ती परत बसायची.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. पळ काढणं बहुतेक या चौथ्यात येतं. त्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

मावशीचा विनोद पहिल्यातला, कारण तिच्याही बिड्या त्याच ढिगात पडलेल्या असायच्या. तेच वाक्य तपासणाऱ्यानं म्हटलं असतं, तर आई घरी येईपर्यंत रडली असती.