मदत हवी आहे: घरच्या सुतारकामाच्या बारीक धुळीचं काय करू? बजेट ८-१० हजार

नमस्कार मंडळी, कोपरखैरण्याला सिडकोचं रो हाऊस आहे, वरच्या मजल्यावर १० बाय ९ च्या खोलीत मी शनिवार-रविवार सुतारकाम करतो. सर्क्युलर सॉ, राउटर, ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरने घासायचं मशीन) एवढीच मशीनं. माल बहुतेक प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू रेझिनने दाबून केलेला बोर्ड), कधी जुन्या दाराचं सागवान मिळालं तर ते.

जाड भुशाचा त्रास नाही हो, झाडला की गोणीत जातो. त्रास आहे तो मैद्यासारख्या धुळीचा. दार लावून, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबून एमडीएफ घासलं तरी दुसऱ्या दिवशी खाली देवघरातल्या समईवर बोट फिरवलं की बोट पिठाळ होतं. आईला दमा आहे, गेल्या महिन्यात मी दिवसभर काम केलं आणि रात्री तिला दोनदा पंप घ्यावा लागला, तेव्हापासून मी एमडीएफला हात लावलेला नाही. लाकडाची धूळ आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) १९९५ मध्येच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलीय, त्यात एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. मी एन९५ लावतो पण तो माझ्या नाकाला, आईच्या नाही.

आत्तापर्यंत काय केलं: १२०० वॅटचा २० लिटरचा वेट-ड्राय व्हॅक्यूम आहे, सँडरला लावला की दहा मिनिटांत फिल्टर चोक आणि ओढ संपली. मग प्लास्टिकचं सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा व्हॅक्यूमच्या आधीच खाली पाडणारं नरसाळं) मागवलं, रंगाच्या २० लिटरच्या बादलीवर बसवलं, फरक जबरदस्त, भुसा सगळा बादलीत. पण होजचं तोंड प्लायला चिकटलं आणि बादली धाडकन आत पिचकली, झाकण तडकलं.

आता विचारायचं हे की बादलीऐवजी काय वापरू, आणि हवेत तरंगते त्या धुळीसाठी खिडकीत एक्झॉस्ट फॅन पुरेल का? कापडी पिशवीवाला १ एचपीचा धूळ ओढणारा कलेक्टर बघितला, पण साध्या कापडातून बारीक धूळ परत खोलीतच येणार ना? शिवाय पावसात चार महिने खिडकी उघडता येत नाही, भिंतीपलीकडे शेजारी, त्यांचे कपडे वाळत असतात.

प्रतिसाद:
दादा, आधी आईंना जपा, एमडीएफ बंद ठेवलंत ते बरोबरच केलंत. जाड प्लास्टिकचा निळा केमिकल ड्रम घ्या, ३०-५० लिटरचा, क्लॅम्पच्या झाकणाचा, तो सहसा पिचकत नाही. जुना असेल तर आधी आत काय होतं ते विचारून घ्या. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर टाका (०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात), सायक्लोन पुढे असल्याने तो लवकर भरणार नाही. होज आखूड ठेवा, सँडरच्या पॅडची आणि कागदाची भोकं जुळवूनच कागद लावा, नाहीतर बरीच धूळ तिथेच निसटते. एक्झॉस्ट लावलात तर हवा आत यायलाही वाट हवी, सगळं बंद करून फॅन नुसता फिरत राहतो. आणि काम संपलं की लगेच मास्क काढू नका, बारीक धूळ तासन्‌तास तरंगते. झाडू तर अजिबात नको, व्हॅक्यूमनेच ओढा.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. ड्रम या रविवारी बघतो. व्हॅक्यूम बाल्कनीत ठेवून फक्त होज आत घेतला तर चालेल का, लांबी साधारण १२ फूट होईल?