टोकियो ते लॉस एंजेलिस: अंतर एकच, मग जायला आणि यायला वेगळा वेळ का लागतो?

प्रश्न:
टोकियोच्या नारिता विमानतळावरून लॉस एंजेलिसला पोहोचायला सुमारे १० तास लागतात आणि परतीला मात्र साडेअकरा ते बारा तास, असे वेळापत्रकांवरून दिसते. शिवाय नकाशावर पट्टी ठेवून मी काढलेले अंतर ९,२०० किलोमीटरच्या वर जाते, पण सगळीकडे ते सुमारे ८,७७० किलोमीटर दिलेले असते. हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम म्हणावा, तर पूर्वेकडे फिरणारी पृथ्वी पूर्वेला निघालेल्या विमानाच्या पुढे पुढे पळणार, म्हणजे जास्त वेळ त्यालाच लागायला हवा. माझे नेमके कुठे चुकते आहे?

उत्तर १:
अंतराची चूक पट्टीची आहे. दोन्ही शहरे ३४ ते ३६ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान असल्यामुळे सपाट नकाशावर त्यांना जोडणारी रेषा जवळजवळ आडवी येते. पृथ्वीगोल घेऊन दोन्ही ठिकाणांवर दोरा धरावा आणि तो घट्ट ताणावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर ४७ अंशांच्याही पुढे जातो. हेच बृहद्वृत्त, आणि गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच असतो.

उत्तर २:
वेळेविषयी लिहितो. आपला तर्क चोख आहे, फक्त एक गोष्ट त्यातून निसटली आहे: वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून जमीन विमानाखालून पळून जात नाही. खरे कारण आहे जेट स्ट्रीम, म्हणजे साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, जो हिवाळ्यात जपानवर ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाटेतला वारा सरासरी १०० धरला, तर जाताना पावणेनऊ तास आणि येताना जवळजवळ ११ तास लागतात. वारा नसता तर दोन्ही वेळा पावणेदहा तास लागले असते. म्हणजे जाताना एक तास वाचतो, पण येताना सव्वा तास जास्त जातो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते. म्हणूनच पश्चिमेकडे येणारी विमाने बरेचदा अंतर वाढले तरी चालेल, पण वारा टाळावा, अशा हिशेबाने मार्ग निवडतात. माझ्या मते किलोमीटरपेक्षा त्या दिवसाचा वारा पाहणे जास्त उपयोगाचे.

उत्तर ३:
एक पुरवणी. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांगेत थांबणेही त्यातच येते. त्यामुळे वरच्या पावणेनऊ तासांचे तिकिटावर दहाच्या आसपास होतात. तिकिटावरच्या घड्याळांची सरळ वजाबाकी मात्र करू नये. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या १७ तास पुढे असते, म्हणून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान त्याच तारखेच्या सकाळी १० वाजता पोहोचते.